खिळ्यांचं कडं

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. पण मला कडी नाही, कुलूप नाही, आणि माझ्यात कुणी कधी दागिने किंवा कागद ठेवले नाहीत. माझ्या पुढच्या अंगाला मोठ्या माणसाची मूठ जाईल एवढं गोल भोक आहे. तेच माझं दार. ते कायम उघडं असतं. मला ते मिटता येत नाही, आणि माझ्या आयुष्यात जे जे वाईट घडलं ते त्या उघड्या दारातून घडलं.

मी उभी आहे ती इंदापूर तालुक्यातल्या एका पाझर तलावात. वालचंदनगर इथून जवळच आहे. तलावाच्या तीन अंगांना ऊस आहे आणि चौथ्या अंगाला मातीचा बांध. कॅनॉलला आवर्तन सुटलं की तलाव भरतो, लांबलं की कडेचा गाळ उघडा पडतो.

पेटी होण्याआधी मी जांभळाचं झाड होते. संभाजीतात्यांच्या शेताच्या कडेला, पाण्यावर झुकलेलं. माझ्या खोडात एक ढोली होती, आणि दर पावसाळ्यात तिथे काणूक नावाचं बदक अंडी घालायचं. काणूक म्हणजे जेमतेम कबुतराएवढं रानबदक. नर पांढराशुभ्र, गळ्यात काळसर हिरवा पट्टा. मादी मातकट, डोळ्यावरून काळी रेघ ओढलेली. हे बदक झाडाच्या पोकळीत राहतं, पण स्वतः पोकळी कोरू शकत नाही. कुणीतरी एखादं झाड म्हातारं होऊ दिलं, तरच त्याला घर मिळतं.

तात्यांनी मला म्हातारं होऊ दिलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी वालचंदनगरच्या कारखान्यात पॅटर्न बनवले होते. लोखंडाचं चाक ओतायचं तर आधी तेच चाक लाकडात करावं लागतं, म्हणजे वाळूत त्याचा ठसा घेता येतो. त्या कामात केसाएवढी चूक चालत नाही, आणि तात्यांच्या हातून ती होत नसे. निवृत्त झाल्यावर ते शेतावर आले. माझ्या सावलीत उसाच्या चार सऱ्या पिवळ्या पडतात हे त्यांना खुपायला लागलं.

त्यांच्या बायकोनं, कुशाबाईंनी, त्यांना अडवलं होतं. "पावसाळा सरू द्या," त्या म्हणाल्या. "ढोलीत पाखरू बसलंय."

"पाखराला काय, हितं न्हाय तर तितं," तात्या म्हणाले. "मशीनवाला उद्या येतोय. पुन्यांदा कवा गावायचा?"

दुसऱ्या दिवशी करवतीचं मशीन माझ्या बुंध्याला लागलं. आत बसलेली मादी हलली नाही. बुंधा थरथरत होता, भुसा उडत होता, तरी ती अंड्यांवर दबून बसली. मी कलंडले तेव्हाच ती बाहेर पडली. मी आडवी झाले, ढोली फुटली, आणि नऊ अंडी बांधाच्या दगडांवर सांडली. ती मादी तीन दिवस त्या जागेवर घिरट्या घालत होती. जिथे झाड नाही तिथल्या हवेत ती दार शोधत होती.

चौथ्या दिवशी कुशाबाई तात्यांना म्हणाल्या, "तुमी जल्मभर लोखंडाला लाकडाचं रूप दिलंत. आता त्या पाखराला एक भोक करून द्या."

तात्यांनी माझ्या खोडाच्या फळ्या विकल्या नाहीत. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही, म्हणून जुनी माणसं ते विहिरीच्या तळाशी घालत. त्या फळ्या त्यांनी गोठ्याच्या माळ्यावर सहा महिने वाळवल्या आणि मग मला घडवलं.

त्यांना मोजमाप दिलं ते योगिनीबाईंनी. त्या जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि रविवारी दुर्बीण घेऊन तलावावर पक्षी मोजायच्या. भोक किती रुंद, तळ किती खोल, हे त्यांनी वहीत काढून दिलं. "आतून आडव्या खाचा करा तात्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर पिल्लांना दारापर्यंत चढता येणार नाही. आणि खांबाला पत्र्याचं उलटं नरसाळं लावा. साप, मुंगूस, घोरपड, सगळे चढतात."

"पाण्यात उभी करतोय की," तात्या म्हणाले. "पाण्यातनं कोण चढतंय?"

मित्रांनो, मी देखणी होते. माझ्या एकाही कोपऱ्यात फट नव्हती. बाजूची एक फळी साफसफाईसाठी उघडत होती, तळाशी दोन ओंजळी भुसा होता. तात्यांनी मला निलगिरीच्या वाशावर बसवून तलावात उभं केलं आणि बांधावर जाऊन लांबून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा हसू पाहिलं.

जुलैमध्ये एक मादी आली. दोन दिवस नुसती दारात बसून आत पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी आत उतरली. रोज एक, अशी तिनं आठ अंडी घातली. मग ती बसली. तिच्या अंगाची ऊब माझ्या फळ्यांना लागली, आणि झाड असताना वाटायचं तसं मला वाटलं.

त्या वर्षी आवर्तन लांबलं. पाणी मागे गेलं, आणि माझा वासा गाळात उघडा पडला. अठराव्या दिवशी दुपारी वाशात नखं रुतल्याचं मला जाणवलं. कुणीतरी सावकाश वर येत होतं. मग एक दुभंगलेली जीभ दारातून आत आली, चाचपून परत गेली, आणि त्यामागून घोरपडीचं डोकं आलं. दार तिच्या अंगानं भरून गेलं. आत अंधार झाला.

मादीला बाहेर पडायला वाट नव्हती. ती एकदाच फिसकारली आणि मागच्या फळीला चिकटली. घोरपडीनं आधी तिची मान धरली. ते लवकर संपलं. अंड्यांना मात्र वेळ लागला. घोरपड ती फोडत नव्हती, अख्खी गिळत होती. प्रत्येक अंड्यानंतर ती मान वर करून माझ्या फळीला टेकायची, आणि अंडं तिच्या गळ्यातून खाली सरकताना मला फळीतून कळायचं. आठ वेळा कळलं. बाहेर नर पाण्यावर गोल गोल पोहत होता.

ढोली पानांत दडलेली असते. मी मात्र उघड्यावर, एका खांबावर, सगळ्या तलावाला दिसेल अशी उभी होते. मी घर नव्हते मित्रांनो. मी वाढलेलं ताट होते.

संध्याकाळी तात्यांनी बाजूची फळी उघडली. आत पिसं होती आणि एक पाय होता. त्यांनी ते सगळं टॉवेलात गुंडाळलं. 

त्या रविवारी योगिनीबाई आल्या. त्यांनी पुन्हा पत्र्याचं नरसाळं काढून दाखवलं. "गुळगुळीत पत्रा असला की नख रुतत नाही. घोरपड घसरते आणि परत जाते."

"परत जाती," तात्या म्हणाले. "मला ती परत जायला नकोय, बाई."

योगिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तात्या, तिला मारणं गुन्हा आहे. आणि तिनं काही वाईट केलेलं नाही. तिनं खाल्लं."

तात्यांचा राग उतरेल असं समजून बाई गेल्या. त्यानंतर त्या बाळंतपणासाठी कऱ्हाटीला माहेरी गेल्या, आणि पुढचं वर्षभर तलावावर त्या आल्याच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात तात्यांनी परातीएवढी लाकडी चकती कापली. तिच्या मधोमध खांबापुरतं भोक ठेवलं. मग तिच्यात चार इंची खिळे ठोकले, काही टोकं खाली, काही बाहेर, काही वर. प्रत्येक टोक त्यांनी कानशीनं घासून सुईसारखं केलं. ते काम त्यांनी पॅटर्न बनवण्याच्याच निगुतीनं केलं. खिळ्याखिळ्यातलं अंतर सारखं होतं. ते कडं त्यांनी वाशावर, माझ्या खाली हातभर अंतरावर बसवलं.

कुशाबाईंनी ते पाहिलं. "ह्ये काय केलंत?"

"राखण."

"मला तर ह्ये फाशी द्यायचं दिसतंय." मग माझ्या दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "पिल्लं उतरत्यात कशी?"

"आय पाठीवर घिऊन जाती, आन काय," तात्या म्हणाले. त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

पावसाळ्यात दुसरी मादी आली. तिनंही आठच अंडी घातली. ती बसल्यावर दोन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, घोरपड पुन्हा वाशावर चढली. तीच होती की दुसरी, मला सांगता येणार नाही. कड्यापाशी ती थांबली, जीभ फिरवली, आणि कडेला पंजा टाकून अंग वर ओढलं. पंजा सुटला. ती पोटावर आपटली.

मित्रांनो, ती सोमवारी सकाळी अडकली आणि मंगळवारी दुपारपर्यंत जिवंत होती. तिच्या पोटात आणि काखेत खिळे शिरले होते. ती सुटायला धडपडली की ते अजून आत जात. तिचं थरथरणं वाशातून माझ्यापर्यंत यायचं. आत मादी अंड्यांवर डोळे उघडे ठेवून बसली होती. दीड दिवस ती चरायलासुद्धा बाहेर पडली नाही.

आणि तात्या बांधावर पोतं अंथरून बसले होते. कुशाबाई भाकरी घेऊन आल्या. त्यांनी समोर पाहिलं, भाकरी खाली ठेवली आणि घरी गेल्या. त्यानंतर आठवडाभर त्या तलावाकडे फिरकल्या नाहीत.

मंगळवारी आबाजी आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावरून जवळ आला. तो या तलावात जाळी टाकायचा, तात्यांपेक्षा वयानं मोठा होता. "तात्या," तो म्हणाला, "तिला मार तरी, न्हायतर सोडव तरी. आशी टांगून ठिवू नगंस."

"बघू दे तिच्या जातीला."

"तिच्या जातीला डोळं हाईत, पर तुझ्यावानी हिशोब न्हाय. त्यास्नी काय कळतंय?"

तात्या उठले नाहीत. शेवटी आबाजीनंच तराफ्यावर उभं राहून तिला ओढून काढलं. तेव्हा ती मेली. तिचं पोट फाटलं, आणि त्यातून पांढरी, लांबट, मऊ अंडी पाण्यात पडली. आबाजी ती बुडताना पाहत राहिला.

"ही बी पोटुशीच हुती," तो म्हणाला.

तात्यांनी ते ऐकलं. माझी खात्री आहे, त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता ते कडं काढतील. ते बादली घेऊन पाण्यात उतरले, माझ्यापाशी आले, आणि खिळ्यांवरचं रक्त धुऊन परत गेले.

आठ दिवसांनी माझ्यातली सगळी अंडी फुटली. आठ पिल्लं, लिंबाएवढी, काळीपांढरी. तात्यांना दारातून एक चोच दिसली आणि ते घरी धावले. "चल," ते कुशाबाईंना म्हणाले. "यकदा बघ तरी. आठच्या आठ असत्याल. राखली म्या."

कुशाबाई आल्या. दोघं बांधावर बसली. सकाळचं कोवळं ऊन होतं. मादी माझ्या दारातून बाहेर पडली, खाली पाण्यावर उतरली आणि तिथून हलक्या आवाजात हाक मारायला लागली.

काणूक आपली पिल्लं पाठीवरून नेत नाही. ती खालून हाक मारते, आणि पिल्लं उडी टाकतात. एका दिवसाच्या पिल्लाला पंख नसतात, पण वजनही नसतं. पाण्यावर पडलं तर त्याला काही होत नाही. आईचा आवाज ऐकला की ती खाचांवरून चढतात, दारात येतात, आणि खाली काय आहे ते न बघता स्वतःला सोडून देतात.

तात्यांनी कोरलेल्या खाचा फार चांगल्या होत्या. पहिलं पिल्लू सरसर वर आलं, दारात क्षणभर बसलं, आणि त्यानं उडी मारली.

ते सरळ वर टोक केलेल्या खिळ्यावर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्याला पहिलं दिसलं नाही, कारण ते दारातून बाहेर समोर बघत होतं, आईच्या आवाजाकडे. तेही पडलं. तिसरं कड्याच्या कडेला आपटून पाण्यात गेलं, एका बाजूला कलंडून थोडं पोहलं, आणि बुडालं. खाली आई हाका मारत होती. ती जितकी हाक मारत होती तितकी आतली पिल्लं घाईनं वर येत होती. मला दार मिटायचं होतं. त्या वेळी मला जे वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

बांधावर कुशाबाईंनी तोंडावर हात ठेवला. तात्या एवढंच म्हणाले, "न्हाय, न्हाय," आणि पाण्यात धावले. कमरेएवढ्या पाण्यातून ते माझ्यापर्यंत आले. हातोडी नव्हती, पक्कड नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी ते कडं धरलं आणि ओढलं. ते त्यांनीच बसवलेलं होतं, सहज निघणारं नव्हतं. त्यांनी पुन्हा ओढलं. खिळे त्यांच्या तळहातांतून आरपार गेले. तिसऱ्या हिसक्याला चकती फुटली आणि ते कड्यासकट मागे पाण्यात पडले.

पण माणूस धावत आला म्हणून मादी उडून गेली होती.

आत पाच पिल्लं राहिली. तात्या आणि कुशाबाई लांब, उसाच्या आडोशाला जाऊन बसले. कुशाबाईंनी पदर फाडून त्यांचे हात बांधले. दुपार झाली. मादी दोनदा घिरटी घालून गेली, पण खाली उतरली नाही. पाण्यावर रक्ताचा वास होता. आत पिल्लं आधी खूप ओरडली, मग एकमेकांना चिकटून बसली.

"दवाखान्यात चला," कुशाबाई म्हणाल्या.

"ती येऊ दे."

बांधलेल्या हातांकडे बघत तात्या म्हणाले, "म्या त्यांच्यासाठीच केलं हुतं."

कुशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "तुमी तुमच्या रागासाठी केलं हुतं," त्या म्हणाल्या. "त्यात पाखराचं काय हुतं?"

दिवस मावळायला मादी लांबच्या गवताजवळ उतरली आणि तिथूनच हाक मारली. दोन पिल्लं कशीबशी खाचांवरून चढली आणि पाण्यात पडली. ती तिच्याकडे पोहत गेलेली मी पाहिली. उरलेल्या तिघांना चढायला बळ नव्हतं. ती माझ्या तळाशी आवाज ऐकत राहिली, आणि सकाळपर्यंत गार झाली.

तात्यांच्या दोन्ही हातांना टाके पडले. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. लाकूड कोरायची पटाशी धरायला लागणारी तीच बोटं होती.

पुढे कितीतरी दिवस ते तलावावर आले नाहीत. मग एके दिवशी योगिनीबाई बाळाला काखेत घेऊन भेटायला आल्या. तात्यांनी त्यांना सगळं सांगितलं, काहीही न वगळता, आणि शेवटी विचारलं, "तुमचं त्ये नरसाळं. किती रुंद लागंल?"

तेलाच्या डब्याचे पत्रे कापून, जोडून त्यांनी उलट्या नरसाळ्यासारखी मोठी झालर केली. हात चालत नव्हता, म्हणून पत्रा कुशाबाई धरायच्या. कडा आत दुमडल्या, म्हणजे कुणाला कापणार नाही. वाशाच्या जागी लोखंडी पाइप आला. मला वर बसवल्यावर तात्यांनी कुशाबाईंच्या हातात लिंबांची पिशवी दिली.

"यकेक करून दारातनं सोड," ते म्हणाले.

तराफ्यावर उभं राहून कुशाबाईंनी माझ्या दारातून लिंबं सोडली. काही सरळ पाण्यात पडली, काही पत्र्यावर टणकन आपटून घसरली आणि पाण्यात गेली. एक लिंबू जोडाच्या खळग्यात अडकलं. तात्यांनी पत्रा उतरवला, जोड ठोकून सपाट केला, आणि पुन्हा लिंबं सोडायला लावली. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा खाली-वर केलं. शेवटी एकही लिंबू अडकेना, तेव्हा ते घरी गेले.

पुढच्या पावसाळ्यात कुणीच आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एक मादी आली.

घोरपडही आली. तात्या बांधावर होते. तिनं पाइपला मिठी मारली, वर आली, पत्र्याखाली थांबली आणि बाहेरून वळसा घालायला गेली. नखं पत्र्यावर खरवडली, आणि ती धपकन पाण्यात पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. तात्यांच्या शेजारी काठी होती. त्यांचा वाकडा हात तिच्यावर गेला आणि तिथेच राहिला. तिसऱ्यांदा पडल्यावर घोरपड पोहत काठाला गेली आणि उसात शिरली. तात्यांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

"जा बाई," ते म्हणाले. "दुसरं कायतरी खा."

त्या वर्षी अकरा पिल्लांनी उड्या घेतल्या. काहींच्या वेळी पत्रा वाजला, पण सगळी पाण्यात पोहोचली. महिन्याभरात त्यांतली चारच उरली. घारीनं आणि कावळ्यांनी आपापला वाटा घेतला. तात्यांनी त्यांच्यावर दगड उचलला नाही.

मग माझं कौतुक झालं. पेपरात फोटो आला. तात्यांना शाल आणि नारळ मिळाला. एका मंडळानं ठरवलं की आपणही तलावाभोवती तीस पेट्या लावायच्या. पांढरे बूट घालून त्यांचे अध्यक्ष अविराज आले होते. तात्या त्यांना म्हणाले, "पत्रा लावा, न्हायतर पेटीच लावू नगा. नुसती पेटी म्हंजी सापळा हाय."

"तात्या, पत्रा फोटोत बरा दिसत नाही," अविराज म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

तीस पेट्या झाडांना लागल्या, फलक लागला, फोटो निघाले. दिवाळीत योगिनीबाईंनी त्या एकेक करून उघडल्या. नऊ पेट्यांत काणूक बसली होती. नऊही पेट्यांत पिसं होती. पुढचं वर्ष उजाडलं, पण पत्रे लावायला कुणी आलं नाही. त्या पेट्या मग तात्यांनी आणि बाईंनीच उतरवल्या.

तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ते होते तोवर दर मे महिन्यात ते मला साफ करायचे, भुसा बदलायचे, लिंबं सोडून बघायचे. कुशाबाई आता मुलीकडे लोणी भापकरला असतात. योगिनीबाईंची बदली झाली. आबाजी अजून तराफा घेऊन येतो, पण त्याला आता समोरचं जाळंही नीट दिसत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या वादळात पत्र्याचा एक जोड तुटला आणि झालर एका बाजूला लोंबली. तलाव आटला तेव्हा पाइपाभोवती बेशरमीची झुडपं उगवली. कुणी ती तोडली नाहीत. आता ती माझ्या दारापर्यंत वाढली आहेत. जिला वर यायचं असेल तिला पाइपची गरजच नाही, फांदीवरून चालत यायचं आहे.

मित्रांनो, पाखरासाठी पेटी टांगणं सोपं असतं. टांगली की आपल्याला बरं वाटतं. पण पाखराला ती कुणी टांगली हे माहीत नसतं. ते फक्त पोकळी बघतं आणि विश्वास ठेवतं. म्हणून ज्याला दरवर्षी परत येणं जमणार नाही त्यानं टांगू नये. आणि राखण करताना ज्याला राखायचं त्याच्याकडे बघावं, ज्याचा राग येतो त्याच्याकडे नाही. तात्यांना हे कळायला दोन आया आणि सहा पिल्लं लागली.

मी कुणाला बोलावू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. एक कोयता आणा आणि बेशरम तोडा. पत्रा वर उचलून तारेनं बांधा. अर्ध्या तासाचं काम आहे. तेही जमणार नसेल तर मला उपटून न्या आणि चुलीत घाला; जांभूळ बरं जळतं. पण मला अशी अर्धवट उभी ठेवू नका.

परवा एक मादी दारात येऊन बसली होती. काल ती आत उतरली. आज सकाळी तिनं पहिलं अंडं घातलं आहे. ती रोज एक घालेल, आणि मग बसेल. अजून आठवडाभर वेळ आहे. तेवढ्यात या.